आधी हरलेल्याच्या दारी जा

(कोळार, बिदर सीमाभाग, येथे मराठी शेतकरी व कार्यकर्ते यांच्यापुढे केलेले भाषण)

शेतकरी बंधूंनो, माता-भगिनींनो, आणि हे बोलणे छापून आल्यावर गोमंतकाच्या किनाऱ्यावर जाळी विणता विणता वाचणाऱ्या माझ्या मच्छीमार बांधवांनो,

आज मी दोन आकड्यांपासून सुरुवात करतो. एक आकडा ३६ हजारांचा, दुसरा ४४ हजारांचा. २०१८ साली कर्नाटक विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा खानापूर मतदारसंघातून काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर निवडून आल्या. त्यांना मते पडली ३६ हजारांवर. त्याच मतदारसंघात समितीच्या नावाने दोघे उभे होते, अरविंद पाटील आणि विलास बेळगावकर. पाटलांना २६ हजारांवर मते, बेळगावकरांना १७ हजारांवर. बेरीज तुम्हीच करा. ती ४४ हजारांच्या घरात जाते, म्हणजे विजयी उमेदवारापेक्षा सात हजारांहून जास्त. आणि जागा मात्र हातची गेली. २०१३ साली हीच जागा समितीने जिंकली होती, शिवाय बेळगाव दक्षिणची. पाच वर्षांनी दोन्ही गेल्या, विधानसभेत समितीचा एकही माणूस उरला नाही.

कोणी शहाणा विचारील, दुसरा उभा नसता तर त्याची सगळी मते पहिल्याला पडली असती हे कशावरून? प्रश्न रास्त आहे. सगळी पडली नसती. पण दहांतली सहा पडून उरलेली चार घरी बसली असती, तरी जागा आली असती. खानापूरच्या मराठी शेतकऱ्याने, जंगलपट्टीतल्या मजुराने उन्हात रांगेत उभे राहून आपले काम चोख केले होते. चुकले ते बैठकीच्या खोलीतल्या लोकांचे.

म्हणून आजचा माझा विषय असा की, उमेदवारीसाठी भांडण झाले, एकाला मिळाली, दुसऱ्याला नाही मिळाली. तर त्यानंतरच्या पंधरा दिवसांत आपण काय करायचे?

आधी एक गोष्ट मोकळेपणाने बोलतो. उमेदवारीसाठी दोघे-तिघे पुढे येतात हे वाईट लक्षण नाही. ज्या संघटनेकडे उमेदवारी मागायला कोणी येत नाही तिचे दिवस भरले असे समजावे. आपल्याकडे मात्र कोणी इच्छा बोलून दाखवली की लगेच ‘हा फुटणार’ अशी कुजबूज सुरू होते, आणि मग तो खरोखरच फुटतो. गावच्या सोसायटीला तेरा जागांसाठी चाळीस अर्ज येतात तेव्हा आपल्याला काही वाटत नाही. मग आमदारकीला चार आले तर आभाळ कोसळते काय?

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी पक्षाचे मतदारच आधी मतदान करतात. त्याला तिकडे ‘प्रायमरी’ म्हणतात, आपण प्राथमिक निवडणूक म्हणू. एकाच पक्षाची माणसे महिनोन्‌महिने एकमेकांवर तुटून पडतात. तुम्हाला वाटेल हे लांबचे सांगतो आहे, पण हा प्रयोग तुमच्या कुंपणापर्यंत आलेला आहे. २०१४ च्या लोकसभेपूर्वी काँग्रेसने देशात पंधरा-सोळा मतदारसंघांत अशी निवडणूक घेतली, आणि त्यांत एक होता लातूर. उदगीर, निलंगा ही गावे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तुमच्याच बिदर जिल्ह्यात होती. राज्यपुनर्रचनेत ती तिकडे गेली, तुम्ही भालकी, औराद, हुमनाबादवाले इकडे राहिलात. सोयरीक अजून आहे. तुमच्या त्या सोयऱ्यांच्या मतदारसंघात काँग्रेसच्या पदाधिकाऱ्यांनी आणि निवडून आलेल्या सदस्यांनी मतपेटीत मत टाकून दत्तात्रय बनसोडे यांना उमेदवार केले. पुढे लोकसभेला ते भाजपच्या सुनील गायकवाड यांच्याकडून अडीच लाखांनी पडले. त्या वर्षी वारेच तसे होते, त्याचे खापर प्राथमिक निवडणुकीवर फोडणे बरोबर नाही.

शिकण्यासारखे घडले ते वर्ध्याला. तिथे सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात हीच लढत झाली. दोन्ही बाजूंनी जुनी राजकीय घराणी. मेघे जिंकले, उमेदवार झाले, आणि लोकसभेला भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले. काही महिन्यांतच मेघे पितापुत्र काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले. ज्या टोकसताई पक्षाच्या आतल्या लढतीत हरल्या होत्या, त्या पक्षातच राहिल्या आणि २०१९ साली त्याच वर्ध्यातून त्यांना उमेदवारी मिळाली. त्याही पडल्या, ही गोष्ट वेगळी. पण पाहा, आपण हरलेल्यावर डोळा ठेवून बसतो, आणि तिथे गेला तो जिंकलेला! तेव्हा निष्ठेची शपथ फक्त हरणाऱ्याकडून घेण्याची आपली जी रीत आहे ती एकांगी आहे. शपथ दोघांनाही द्यावी.

आता मोठ्या पक्षात आणि आपल्यात एक फरक आहे, तो नीट समजून घ्या. मोठ्या पक्षाकडे एबी फॉर्म असतो. ज्याच्या हाती तो कागद, तोच पक्षाचा अधिकृत उमेदवार, चिन्ह त्यालाच. दुसरा कितीही ओरडला तरी मतपत्रिकेवर तो अपक्ष. समितीकडे असा कागद नाही. २०१८ असो वा २०२३, समितीचे उमेदवार कागदोपत्री अपक्ष म्हणूनच उभे राहिले. प्रत्येकाचे चिन्ह वेगळे, तेही माघारीनंतर मिळणार आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत घराघरांत पोचवायचे. अशा स्थितीत अधिकृत कोण आणि बंडखोर कोण हे निवडणूक अधिकारी सांगत नाही, यंत्रावर लिहिलेले नसते. लोकांनी ओळखायचे कशावरून? तर ज्यांनी ज्यांनी उमेदवारी मागितली होती ते सगळे एका गाडीत बसून गावात आले की नाही, एवढ्यावरून. आपल्याकडे कागद नाही, फक्त दिलेला शब्द आहे. हरलेला माणूस व्यासपीठावर दिसला की शब्द पाळला गेला, असे म्हातारीसुद्धा ओळखते.

किनाऱ्यावरच्या वाचकांना हे रापणीच्या दाखल्याने चटकन पटेल. होडी अर्धगोल फिरून जाळे टाकते, दोन दोर किनाऱ्यावर येतात, दोन टोळ्या दोन टोकांना ओढायला लागतात. एका टोळीने रुसून दोर सोडला तर दुसरीने दुप्पट जोर लावून काही उपयोग होतो काय? मासळी सुटली टोकाकडून निघून जाते. आणि हेही रापणकारांना ठाऊक आहे की दोर ओढणारा प्रत्येकजण वाट्याचा मालक असतो. वाटा न देता नुसता ‘ओढा, ओढा’ असा गजर केला तर दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर कोणी येत नाही. एकजुटीवर भाषणे देणारे आमचे पुढारी ही दुसरी बाजू नेहमी विसरतात.

गोमंतकाने याची किंमत मोजलेली आहे. भाऊसाहेब बांदोडकरांच्या हयातीतच, १९७० साली, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षात बंड झाले. भाऊसाहेबांची कुवत अशी की ते निभावले. १९७३ मध्ये ते गेले, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, आणि १९७७ च्या निवडणुकीत तीस जागांच्या विधानसभेत पक्षाला १५ जागा मिळाल्या. म्हणजे अगदी काठावर. एकही माणूस दुखवून चालण्यासारखे नव्हते. १९७९ मध्ये पक्षाचे तीन आमदार फुटले, सरकार पडले, राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत पक्षाच्या वाट्याला आल्या ७ जागा. पुढे ताईंनीही पक्ष सोडला, वेगळा पक्ष काढला, आणि काही वर्षांनी त्या परतही आल्या. दोष कोणाचा किती, यावर म्हापसा-फोंड्याच्या बाजारात अजून वाद घालणारे म्हातारे भेटतील. मला एवढेच दिसते की १५ चे ७ व्हायला बाहेरच्या शत्रूची फारशी गरज पडली नाही. कुळांच्या आणि रापणकारांच्या मतांवर उभा राहिलेला पक्ष आपल्याच घरातल्या रागाने निम्म्यावर आला.

हा रोग आपलाच आहे असे समजून मान खाली घालू नका. १९१२ साली अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट या माजी राष्ट्राध्यक्षाने पक्षांतर्गत मतदानात बहुतेक राज्यांत आपलेच मित्र टाफ्ट यांच्यावर मात केली. पण पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारी दिली गेली टाफ्टना. रूझवेल्ट म्हणाले अन्याय झाला, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. त्यांनी वेगळा पक्ष काढला. निकाल काय? दोघांची मते मिळून निम्म्याहून थोडी अधिक, आणि राष्ट्राध्यक्ष झाले ४२ टक्के मते मिळवणारे विल्सन. खानापूरचाच हिशेब, फक्त साहेबी पोशाखातला.

त्याच देशात २००८ साली उलट घडले. हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यातली लढत इतकी चुरशीची झाली की दोघांचे कार्यकर्ते एकमेकांचे तोंड पाहीनात. जूनमध्ये क्लिंटनबाईंनी माघार घेऊन ओबामांना पाठिंबा दिला. ऑगस्टच्या अधिवेशनात मतमोजणी चालू असताना त्याच उभ्या राहिल्या आणि मोजणी थांबवून ओबामांना एकमुखाने उमेदवार जाहीर करा अशी सूचना त्यांनी स्वतः मांडली. हरलेल्या माणसाने सभेत केलेल्या त्या एका सूचनेने जे झाले ते शंभर प्रचारफेऱ्यांनी झाले नसते. आणि ओबामांनी काय केले? जिंकल्यावर त्यांना परराष्ट्रमंत्री नेमले. बाईंची समजूत नुसत्या शालीवर काढली नाही.

तेव्हा माझे सांगणे जिंकलेल्याला पहिले आहे. उमेदवारी तुला मिळाली ना? मग गुलाल झटक, हार काढून ठेव, आणि मिरवणूक निघण्याआधी हरलेल्याच्या दारी जा. एकटा जा. बरोबर दहा चेले घेऊन गेलास तर तो हिणवायला आला असे त्याला वाटेल. त्याच्या घरी चहा घे, त्याच्या आईच्या पाया पड, आणि विचार, ‘दादा, माझ्या प्रचाराची कोणती बाजू तुम्ही सांभाळणार?’ पैशाचा हिशेब त्याच्या माणसाकडे दे. आमच्या भागात मी एक फार हलकी चाल पाहिली आहे. निवड झाली की जिंकलेला गट दुसऱ्याच्या गावात सभा घेतो, आणि पत्रकावर त्या गावच्या माणसाचे नाव सगळ्यांच्या खाली, बारीक टाइपात. त्या बारीक अक्षरांनी किती मते गेली हे कोणी मोजत नाही.

हरलेल्याला काय सांगू? तुझे दुखणे खरे आहे. महिनाभर फिरलास, खिशातले घातलेस, बैल विकून पैसा उभा केला असशील. आठ दिवस घरी बस, कोणी काही म्हणणार नाही. पण नवव्या दिवशी तुझ्या वाडीतला पोरगा जेव्हा विचारील, ‘काका, मत कोणाला?’ तेव्हा ‘बघा तुमचे तुम्ही’ असे उत्तर देऊ नकोस. हे उत्तर उघड बंडापेक्षा वाईट. बंडखोर निदान समोर दिसतो.

तुमच्या बिदर जिल्ह्याचे उदाहरण राहिले. बसवकल्याणला २०२१ साली पोटनिवडणूक झाली. भाजपमध्ये उमेदवारीसाठी रांग लागली होती. ती मिळाली शरणू सलगर यांना, आणि आधीच्या निवडणुकीतले उमेदवार मल्लिकार्जुन खुबा अपक्ष उभे राहिले. तरीही सलगर वीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. आता कोणी हे उदाहरण पुढे करून म्हणेल, बघा, बंडाने काही बिघडत नाही. त्यांचे बिघडत नाही! राज्यात सरकार त्यांचे होते, मंत्री गावागावांत तळ देऊन होते. ज्याच्या कणगीत शंभर पोती आहेत त्याची दोन उंदराने खाल्ली तर कळत नाही. आपल्याकडे चारच पोती आहेत, मंडळी.

याच पोटनिवडणुकीच्या आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, येडियुरप्पा सरकारने मराठा समाजासाठी विकास मंडळ जाहीर केले, ५० कोटी रुपये ठेवले. कन्नड संघटनांनी त्याविरुद्ध डिसेंबरमध्ये बंद पुकारला. एवढा विरोध अंगावर घेऊन सरकारला हे का सुचले? बसवकल्याणात मराठी मते एका हाताने पडली तर पारडे फिरते, हे बेंगळुरूत बसलेल्यांना ठाऊक होते. आपली ताकद आपल्यापेक्षा त्यांना जास्त नेमकी मोजता येते याची मला लाज वाटते. मंडळ मिळाले म्हणून तुमच्या मुलांना मराठी शाळेत मास्तर मिळाला, सातबारा-पहाणी मराठीत मिळाली, असे समजू नका. ते मागणे वेगळे, ते लावून धरायला आपला माणूस लागतो. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, २०२२ च्या डिसेंबरात विधिमंडळाने ८६५ गावांचा ठराव केला. हे सारे मुंबई-दिल्लीत. इथे तहसीलदारापुढे उभे कोण राहणार?

एकोपा केला तर जिंकतोच, असे आश्वासन मी देणार नाही. २०२३ साली बेळगावकरांनी निवड समिती नेमली, इच्छुकांना ऐकले, आणि बेळगाव दक्षिणमध्ये रमाकांत कोंडुसकर हे एकच नाव पुढे केले. ते हरले, बारा हजारांच्या फरकाने. पण मते घेतली ६४ हजारांवर, आणि दुसरा क्रमांक. त्याच मतदारसंघात २०१८ मध्ये, भांडणाच्या वर्षी, समितीचा माणूस पहिल्या दोघांतही नव्हता. पाच वर्षांत मराठी माणसे एकदम वाढली काय? मतदार तेच, गल्ल्या त्याच. एक नाव घेऊन सगळे फिरले एवढाच फरक. ग्रामीणमध्ये त्याच वर्षी एकच उमेदवार असूनही समिती तिसरी आली, हेही सांगतो, कारण लपवून ठेवण्यात अर्थ नाही. एकजूट ही पेरणी आहे. पुढे पाऊस लागतो, राखण लागते. पण न पेरता पीक आलेले मी तरी पाहिले नाही, तुमच्या तुरीचे नाही आणि सोयाबीनचेही नाही.

आता कामाचे बोलतो. निवड करायची तर मतदार कोण, हे मतदानाआधी ठरवा. कोणत्या गावचे किती प्रतिनिधी, त्यांची नावे, यादी देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीवर आठ दिवस आधी लावा. रूझवेल्टसाहेबांचे भांडण यातूनच पेटले, आणि आपली निम्मी भांडणेही यातूनच पेटतात. सर्व इच्छुकांच्या सह्या घ्या, की निकाल मान्य, आणि जिंकलो तरी संघटना सोडणार नाही. मग मते मोजा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आणि माघारीचा दिवस विसरू नका. खरा घात त्या दिवशी होतो. अर्ज भरताना सगळे म्हणतात, ‘खबरदारी म्हणून माझाही एक अर्ज असू द्या, छाननीत एखादा उडाला तर?’ हे ठीक आहे, अर्ज उडतात. पण छाननीनंतर माघारीसाठी ठरलेल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत लेखी अर्ज दिला नाही तर नाव यंत्रावर राहते ते राहतेच. नंतर पेपरात पाठिंब्याचे पत्रक काढा, नारळावर हात ठेवा, शेतावर गेलेली बाई यंत्रावर ते नाव पाहते आणि ओळखीचे म्हणून बटण दाबते. माघारीचा अर्ज उमेदवाराने स्वतः नेऊन द्यावा लागतो, किंवा त्याच्या लेखी अधिकाराने त्याच्या सूचकाने अगर निवडणूक प्रतिनिधीने. त्या दिवशी काहींचा फोन बंद असतो, काही पाहुण्यांकडे गेलेले असतात, एखाद्याला नेमका ताप भरतो. तुम्ही हसता आहात म्हणजे तुम्हाला अशी माणसे ठाऊक आहेत.

म्हणून त्या सकाळी जिंकलेल्या उमेदवाराने स्वतः जीप घेऊन एकेकाच्या घरी जावे, सगळ्यांना बरोबर बसवावे, वाटेत नाश्ता घालावा, आणि कचेरीत शेवटचा अर्ज मागे घेतला जाईपर्यंत कोणाला खाली उतरू देऊ नये. इथून कचेरीला जायला किती वेळ लागतो, आणि पावसाळ्यात रस्ता कसा असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जीप नऊलाच काढा.